तुमचे प्रश्न : लिफ्टपाशी गाडी लावायला मिळेल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही डोंबिवलीत राहतो. सोसायटीत ४२ सदनिका आहेत आणि स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, २६ गाड्यांची जागा आहे. माझी आई ७१ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. घरात वॉकर धरून चार पावलं टाकते, बाहेर व्हीलचेअर लागते. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. आमच्या वाट्याला आलेली जागा अगदी मागे, पंपरूमच्या शेजारी, दोन खांबांच्या मधे आहे. तिथे गाडीचं दार अर्धंच उघडतं. त्यामुळे गेटबाहेर रस्त्यावर गाडी थांबवून आईला उतरवावं लागतं. पावसाळ्यात तर विचारूच नका. लिफ्टजवळची एखादी जागा द्या म्हणून सेक्रेटरींना तीनदा तोंडी सांगितलं. ते म्हणाले, 'चिठ्ठ्या टाकून जागा दिल्यात, नियम सगळ्यांना सारखा. आणि आजी कुठे गाडी चालवतात?' घर वडिलांच्या नावावर आहे, गाडी माझ्या. अर्ज कसा करावा?

उत्तर : 'आजी कुठे गाडी चालवतात?' हे वाचलं, पत्र बाजूला ठेवलं आणि आधी चहा टाकला. रागात उत्तर लिहायचं नाही, एवढं तरी बँकेच्या काउंटरवर तीस वर्षं काढून शिकले आहे.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात : 'तिथे गाडीचं दार अर्धंच उघडतं.' अर्ज या वाक्यावर उभा करा. सेक्रेटरींना तुम्ही तीनदा काय सांगितलं असेल ते मी ओळखू शकते. आईची तब्येत, तिचे हाल, तुमची नोकरी सांभाळून होणारी धावपळ. ऐकणारा हळहळतो, 'बघू या' म्हणतो आणि जिना चढेपर्यंत विसरतो. मी पाच वर्षं आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. मीही असं 'बघू या' म्हटलेलं आहे, तेही स्वतः डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा, घालून. कमिटीच्या मीटिंगमध्ये पाण्याची मोटर, वॉचमनचा पगार आणि थकबाकीदार यांच्यात हळहळीला जागा मिळत नाही. कागद असेल आणि कागदावर आकडा असेल, तरच विषय निघतो.

म्हणून रविवारी सकाळी मीटरटेप घेऊन खाली उतरा. पहिलं माप गाडीच्या डाव्या दारापासून लिफ्टच्या दारापर्यंत. सरळ रेषेत मोजू नका, व्हीलचेअर ज्या वाटेने जाईल त्या वाटेने मोजा. वाटेत चेंबरचं झाकण वर आलंय का, गटारीची जाळी आहे का, लिफ्टच्या तोंडाशी पायरी किती इंचांची आहे, तेही लिहून घ्या. दुसरं माप दार आणि खांब यांच्यामधलं. तिसरं, हल्ली तुम्ही आईला जिथे उतरवता त्या गेटबाहेरच्या जागेपासून लिफ्टपर्यंतचं. प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि फोटोत टेप दिसू द्या.

उजवी बाजू गेलेल्या माणसाला गाडीतून उतरवायचं म्हणजे काय, हे कमिटीतल्या कुणी जवळून पाहिलेलं नसतं. तुम्ही रोज करता, म्हणून तुम्हालाही ते सांगायचं सुचत नाही. खुर्ची सीटच्या जवळ तिरकी आणून लावायची, दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला वळवायच्या. मग आधी पाय बाहेर. आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवून उभं करायचं, थोडं वळवायचं आणि अलगद बसवायचं. एवढं सगळं होईपर्यंत दार सताड उघडं लागतं आणि दाराशी एक खुर्ची आणि एक धडधाकट माणूस मावावा लागतो. अर्ध्या दारातून हे होत नाही. आमच्या खाली राहणाऱ्या आजोबांचं कोपर अशाच एका खांबाला घासून सोललं होतं. त्यांच्या मुलाने खांबाला जुन्या सतरंजीची घडी बांधली. पुढची दोन वर्षं ती सतरंजी तिथेच होती, कमिटीतले सगळे रोज तिच्या शेजारून जात होते आणि कुणी विचारलं नाही की ही इथे कशाला.

इथे एक बारीक गोष्ट. तुमच्या आईची उजवी बाजू गेली आहे आणि ती पुढच्या डाव्या सीटवर बसत असणार. म्हणजे उतरताना चांगला पाय दाराच्या बाजूला येतो. हे बरं आहे, उतरवणं त्या मानाने सोपं जातं. पण याचा अर्थ असा की मोकळी जागा गाडीच्या डाव्या अंगाला हवी. उजवीकडे खांब जवळ असला तरी बिघडत नाही, चालवणाऱ्याला उतरता आलं म्हणजे झालं. 'लिफ्टजवळची कुठलीही' असं लिहून दिलंत आणि डावीकडे भिंत असलेली जागा पदरात पडली तर पुन्हा तेच. जागा बघताना गाडी सरळ आत घालणार की रिव्हर्स, तेही ठरवा. रिव्हर्स लावली की डावी बाजू दुसरीकडे जाते. आमच्याकडे एका कुटुंबाचा निम्मा प्रश्न गाडी उलटी लावून सुटला होता. तुमच्याकडे दोन्ही बाजूंना खांब आहेत म्हणून जमणार नाही, पण वाचणाऱ्या इतर कुणाचं जमेल.

आता या मापांच्या शेजारी ठेवायला सरकारी माप. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये अपंग व्यक्तीच्या गाडीसाठी किमान ३.६ मीटर रुंद जागा सांगितली आहे आणि ती इमारतीच्या प्रवेशापासून ३० मीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे. आपल्याकडे साधी गाडीची जागा अडीच मीटरच्या आसपास असते. म्हणजे वरचा मीटरभर जो आहे, तो खुर्चीसाठी. तुमच्या जुन्या इमारतीचे खांब कुणी हलवणार नाही, तेव्हा '३.६ मीटरच द्या' असा हट्ट धरू नका. आकडा दाखवायचा तो एवढ्यासाठी, की खुर्चीला दाराशेजारी जागा लागते हे काही तुमच्या डोक्यातून निघालेलं नाही, हे कमिटीला कळावं.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २ मध्ये खासगी आस्थापनेची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येत 'सहकारी संस्था' स्पष्ट लिहिलेली आहे. त्याच कलमात वाजवी सोय म्हणजे काय तेही दिलं आहे : दुसऱ्यावर अवाजवी बोजा न टाकता करता येण्याजोगा बदल. तुमच्यासाठी हे सोन्यासारखं आहे, कारण जागेची अदलाबदल करण्यात सोसायटीचा एक रुपयाही जात नाही. गाडी कोण चालवतं याच्याशी त्या व्याख्येचा संबंध नाही. गाडी तुम्ही चालवा नाहीतर ड्रायव्हर चालवू दे, दारापर्यंत पोचायचंय ते आईला.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आजच सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरा. पुढे सरकारी रुग्णालयात तपासणीला बोलावतात, टक्केवारी तिथे ठरते. ४० टक्क्यांपासून ७९ पर्यंत पिवळं कार्ड, ८० आणि वर निळं. तपासणीला जाताना झटका आला त्या वेळचे डिस्चार्जचे कागद आणि स्कॅनचा रिपोर्ट बरोबर न्या. खरं तर वाजवी सोय मागायला ४० टक्क्यांची अट कायद्यात नाही. पण कमिटीसमोर कार्डाची झेरॉक्स ठेवली की 'म्हातारपणी सगळ्यांचंच असं होतं' हे वाक्य कुणाच्या तोंडून निघत नाही.

चिठ्ठ्यांविषयी. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकून दरवर्षी वाटप करावं, असं आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत, आहे. पार्किंगचा भाग ७८ क्रमांकापासून पुढे सुरू होतो. पण तुमच्या सोसायटीने मंजूर करून घेतलेले उपविधी कोणते, ते आधी मागवून वाचा. बऱ्याच ठिकाणी जुनी प्रत कपाटात असते आणि सगळे ऐकीव नियम सांगत असतात. चिठ्ठ्या दरवर्षी टाकतात का? की एकदा टाकल्या, त्याला आता नऊ वर्षं झाली? तसं असेल तर 'नियम सगळ्यांना सारखा' हा मुद्दा तिथेच ढिला पडतो. आणि चिठ्ठ्या चुकीच्या असं म्हणूच नका. चिठ्ठीला लिफ्ट कुठे आहे ते कळत नाही, एवढंच म्हणा. पुढच्या सोडतीआधी एक जागा बाजूला काढावी, ती गरजेनुसार द्यावी, आणि सोसायटीत तशी गरज असलेलं कुणी उरलं नाही की ती पुन्हा चिठ्ठ्यांत घालावी, असा ठराव सुचवा. हे शेवटचं वाक्य घातलं की लोकांची भीती जाते. 'एकदा दिली की गेली' ही भीती असते, बाकी काही नाही.

अर्जाआधी स्टिल्टमध्ये एक चक्कर मारा आणि बघा, पहिल्या चार जागांवर नेमकं काय उभं आहे. प्रत्येक सोसायटीत एक गाडी अशी असते जिच्यावर ताडपत्री आहे, टायर बसलेले आहेत आणि मालक परदेशात आहे. एक जागा पाहुण्यांसाठी ठेवलेली असते आणि तिथे कमिटीतल्याच कुणाची तरी दुसरी गाडी कायमची पाहुणी असते. शक्यतो अशी जागा मागा. ती नसेल तर ज्यांची गाडी लिफ्टपाशी आहे त्यांच्याकडे आईलाही घेऊन जा. त्यांना खाली बोलवा, पंपरूमच्या जागेत आईला उतरवून दाखवा. बोलू नका काही. उतरवून दाखवा. अदलाबदलीला ते 'हो' म्हणाले की दोघांच्या सहीचं पत्र कमिटीला द्या. तयार मालाला सही करायला कमिटीला आवडतं.

एक गोष्ट मात्र सभेत बाहेर काढू नका. कुणीतरी तुम्हाला सांगेलच की बिल्डरला स्टिल्ट पार्किंग विकताच येत नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. आहे. दहिसरच्या पंचाली सोसायटीच्या खटल्यातला, ऑगस्ट २०१० चा. बिल्डरने स्टिल्टमधल्या जागा वेगळ्या विकल्या होत्या आणि कोर्टाने सांगितलं की त्या विकायचा त्याला हक्कच नाही. निकाल चांगला आहे. पण तुमच्या सोसायटीतल्या दहा-बारा जणांकडे बिल्डरच्या पावत्या असतील तर तो निकाल वाचून दाखवल्याबरोबर ते सगळे तुमच्या आईचे विरोधक होतील. तुम्हाला एक जागा हवी आहे, सगळ्या सोसायटीचा हिशेब तुम्हाला चुकता करायचा नाही. तो कागद फाइलच्या तळाशी असू द्या.

अर्ज वडिलांच्या नावे करा, कारण सभासद ते आहेत. गाडी कुणाच्या नावावर, हा विषय तुम्ही काढू नका. जागा तुम्हाला आधीच मिळालेली आहे, तुम्ही फक्त बदलून मागताय. मजकूर साधारण असा :

*मा. सचिव यांस. विषय : पार्किंगची जागा बदलून मिळण्याबाबत. मी सदनिका क्र. — चा सभासद आहे. माझ्या पत्नीस पक्षाघातामुळे उजव्या बाजूचे कायमचे अपंगत्व असून त्या व्हीलचेअर वापरतात (यूडीआयडी कार्डाची प्रत सोबत). आम्हाला दिलेली जागा क्र. — ही लिफ्टपासून — मीटर असून गाडीचे डावे दार व खांब यांत केवळ — सें.मी. अंतर राहते. त्यामुळे त्यांना गाडीतून खुर्चीत उतरवता येत नाही व रस्त्यावर उतरवावे लागते (फोटो सोबत). तरी लिफ्टलगतची, गाडीच्या डाव्या बाजूस किमान १.२ मीटर मोकळी राहील अशी जागा आमच्या सध्याच्या जागेच्या बदल्यात मिळावी. पार्किंगचे शुल्क आम्ही नियमाप्रमाणे भरत आहोत व भरू. हा अर्ज दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ अन्वये वाजवी सोयीची मागणी म्हणून विचारात घ्यावा. कमिटीचा निर्णय लेखी कळवावा.*

'शुल्क भरू' हे वाक्य गाळू नका. काही जण याच अर्जात शुल्कमाफीही मागतात आणि मग तेवढ्यावरच चर्चा होऊन अर्ज बाद होतो.

दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या : सही, तारीख, शिक्का. सेक्रेटरी 'ठेवा टेबलावर' म्हणाले तर हसून म्हणा, 'बाबा म्हणतात पोच आणच.' तरीही टाळलं तर स्पीड पोस्टने पाठवा. महिनाभर थांबा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये दिलेला अर्ज त्या सभेच्या विषयपत्रिकेवर यायला वेळ असतो.

आणि नाहीच म्हणाले तर? बहुतेक लोक सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे धावतात. तिथे एक हेलपाटा होतो आणि कळतं की पार्किंगचे वाद सहकार न्यायालयाचे. ती वाट आहे, पण वकील आणि तारखा आल्या. तुमच्या बाबतीत मी दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करा असं सांगेन. राज्याचं कार्यालय पुण्यात आहे. समन्स काढून समोरच्याला बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. ते शिफारस करतात, आणि ती मानायची नसेल तर तीन महिन्यांत कारण कळवावं लागतं. माझा अनुभव असा की आयुक्तालयाचं पत्र सोसायटीच्या नोटीसबोर्डाशेजारच्या पेटीत पडलं की निम्मं काम होतं. कमिटीतल्या माणसांना आपलं नाव सरकारी कागदावर आलेलं आवडत नाही.

वडिलांना आणि आईला नमस्कार सांगा. मापं घेतलीत की कळवा.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे, पुण्यात एका पेठेत भाड्याने राहते. जुनी तीन मजली इमारत, पार्किंग नाही. माझ्या दोन्ही पायांत ताकद कमी आहे, कुबड्या वापरते आणि साइड व्हील लावलेली स्कूटर चालवते. समोरच्या रस्त्यावर पी-वन, पी-टू आहे, म्हणजे सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावायच्या. त्यामुळे दिवसाआड स्कूटर रस्त्याच्या पलीकडे लावावी लागते आणि कुबड्यांवर रस्ता ओलांडावा लागतो. रात्री परत येते तर जागाच नसते. महापालिकेकडून घरासमोर माझ्यासाठी राखीव जागा आखून घेता येईल का?

उत्तर : तुझ्या नावाची, नाही. तुला 'तू' म्हणते म्हणून रागावू नकोस, माझ्या भाचीच्या वयाची आहेस. रस्ता सगळ्यांचा, त्यामुळे कुणा एकासाठी रंगवून मिळत नाही, आणि दुकानदार ठेवतात तसे तेलाचे डबे नाहीतर कुंड्या ठेवून तू जागा अडवलीस तर उद्या तक्रार तुझ्यावरच होईल. पण अपंगांच्या वाहनांसाठी म्हणून एक पट्टा आखून मागता येतो. गाड्या कुठे उभ्या करायच्या हे ठरवण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ मध्ये आहे. अर्ज वाहतूक पोलिसांच्या शाखेला कर आणि त्याची प्रत महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला दे. पट्टे मारणारे आणि पाटी लावणारे ते. मागणी दोन ओळींची असू दे : अमुक इमारतीसमोर अपंगांच्या वाहनांसाठी जागा आखावी आणि त्या जागेला सम-विषम तारखेचा नियम लागू नसावा. दुसरी ओळ विसरलीस तर पट्टा मिळेल आणि दिवसाआड तोच निरुपयोगी होईल. तसा पट्टा मिळाला तरी तिथे दुसऱ्या कुणाची साइड व्हीलवाली गाडी उभी राहू शकते, हे मनात धरून ठेव.

माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिच्या सासूबाईंसाठी त्यांनी घरासमोर अशी जागा मागितली होती. तिथे स्थानिक कौन्सिल अर्ज घेतं, ब्लू बॅज, म्हणजे अपंगांना मिळणारा पार्किंगचा परवाना, आहे का ते बघतं, घराच्या आवारात गाडी लावायला स्वतःची जागा आहे का विचारतं. मग रस्त्यावर पांढरा चौकोन आखून मिळतो. मी मनात म्हटलं, काय सुख! तर पहिल्याच आठवड्यात चौथ्या घरातले ब्लू बॅजवाले आजोबा तिथे गाडी लावून मोकळे. आणि त्यांचं बरोबरच होतं. जागा बॅजधारकांची, कुणा एका घराची नाही. शिवाय तिथेही काही चौकोन नुसते विनंतीवजा असतात, त्यांच्यामागे कायदेशीर आदेश नसेल तर कुणालाही दंड होत नाही.

तुझ्या अर्जात एक गोष्ट आवर्जून लिही, कारण ती टेबलापलीकडच्या माणसाला ठाऊक नसते : साइड व्हीलची स्कूटर दुचाकीच्या पट्ट्यात मावत नाही. चार स्कूटर चिकटून लागल्या की तुझी आत जात नाही, आणि एकदा लागल्यावर शेजारच्याने आपली काढताना तुझी ढकलली तर ती साध्या गाडीसारखी सरकतही नाही, वाकडी होऊन अडकते. माझ्या गाडीचं उजवं साइड व्हील असंच वाकलं होतं. गॅरेजवाल्याने सरळ करून दिलं, पण त्यानंतर ती गाडी कायम जराशी डावीकडे ओढायची. अकरा वर्षं तशीच चालवली. आरसी बुकात वाहनाची अपंगांसाठीचं म्हणून नोंद असेल तर त्याची प्रत जोड. नसेल तर आरटीओत जाऊन ती करून घे, पुढेही उपयोगी पडते.

तोवर घरमालकांना विचार. या जुन्या इमारतींना दिंडी दरवाजा आणि आत बोळ असतो, आणि बोळात कुणाची तरी मोडकी कपाटं असतात. मी पेठेत राहत होते तेव्हा अशीच दोन कपाटं आणि एक पाळणा भंगारवाल्याला देऊन माझ्या स्कूटरची सोय झाली. उंबरठ्यावर लाकडी फळी टाकली होती, सकाळी दूधवाला ती उचलून आत ठेवायचा. इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर तू भाडेकरू आहेस की कराराने राहतेस, त्यावर बरंच अवलंबून आहे. त्याचे कागद पाठवलेस तर पुढच्या अंकात लिहीन.

प्रश्न : मी कल्याणच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. गेल्या वर्षी एका अपंग सभासदाला लिफ्टजवळ जागा दिली. आता गुडघेदुखीवाले, मणक्याचे, बायपास झालेले असे सात अर्ज आलेत. जवळच्या जागा तीन. काय करू?

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, तुमचं दुःख मी जाणते. सातही जणांना एकच फॉर्म द्या आणि त्यात आजाराचं नाव विचारूच नका. विचारा : किती अंतर चालता येतं, आधाराला काय लागतं, दार पूर्ण उघडायला हवं का, गरज किती महिने राहील. यूडीआयडी असलेल्यांचा विचार आधी. बायपासवाल्यांना तीन महिने पाहुण्यांची जागा द्या आणि तारीख लिहून द्या. गुडघे बदलून आलेल्यांचंही तेच. सहा महिन्यांनी ते तुमच्या आधी जिना चढतात. ज्यांना फक्त अंतर कमी हवंय, दार अर्धं उघडलं तरी चालतंय, त्यांना लिफ्टपाशी गाडी थांबवून उतरू द्या आणि मग गाडी त्यांच्या जागेवर लावू द्या. त्यासाठी लिफ्टसमोरचा एवढासा तुकडा मोकळा ठेवायचा, तिथे कुणीही पाच मिनिटांच्या वर उभं राहायचं नाही, हे वॉचमनला सांगा. आमच्याकडे असे चार अर्ज यानेच निकाली निघाले.

राखीव जागेवर माणसाचं नाव लिहू नका, सदनिका क्रमांकही नको, नुसती खुर्चीची खूण. पेंटरला मात्र कागदावर चित्र काढून द्या. आमच्या पेंटरने खुर्चीवाल्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि चाक इतकं मोठं काढलं की मुलं त्याला बैलगाडी म्हणतात. दोनदा पुसायचं ठरलं, अजून तसंच आहे.